वाचकांचे प्रश्न : अरबी समुद्रावरून गेलेला तो लाल पट्टा

लघुग्रहांविषयी आलेली पत्रे बरेच दिवस बाजूला ठेवली होती, कारण वाचताना जाणवले की विचारणारे वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मनातली शंका एकच आहे: एखादा दगड ‘धोकादायक’ आहे असे खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा ते नेमके काय सांगत असतात? या वेळी त्यांपैकी सहा प्रश्न घेतले आहेत. पत्रे लांब असल्याने प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : फेब्रुवारी २०२५ मध्ये मोबाइलवर एक नकाशा आला होता. पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून भारतापर्यंत आलेला एक लाल पट्टा त्यात होता, आणि ‘२०३२ साली येथे लघुग्रह पडणार’ असे खाली लिहिले होते. तोच नकाशा अधूनमधून पुन्हा फिरू लागतो. तो खरा होता का? आणि खरा असेल, तर तो धोका गेला कुठे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : पट्ट्याला आधार होता, त्याखालचे वाक्य चुकीचे होते. दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या कराव्या लागतील, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

त्या लघुग्रहाचे नाव ‘२०२४ वायआर४’. चिली देशातील रिओ हुर्तादो येथील ‘ॲटलास’ दुर्बिणीने तो २७ डिसेंबर २०२४ रोजी टिपला. गंमत अशी की त्याआधी दोनच दिवस, नाताळच्या दिवशी, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून अधिक अंतरावरून, निघून गेला होता. तो सूर्याच्या दिशेने आला होता, आणि दिवसाच्या उजेडात दुर्बिणींचा काही उपयोग नसतो. त्यामुळे पाहुण्याची पाठ वळल्यावरच तो आपल्याला दिसला. त्याची लांबट, लंबवर्तुळाकार कक्षा आतल्या टोकाला पृथ्वीच्या कक्षेच्या किंचित आत येते आणि बाहेरच्या टोकाला मंगळापलीकडे, लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्याही पुढे, गुरूच्या कक्षेच्या दिशेने बरीच लांब जाते. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला जवळजवळ नेमकी चार वर्षे लागतात. म्हणून २०२४ चा डिसेंबर, २०२८ चा डिसेंबर आणि २०३२ चा डिसेंबर या तिन्ही वेळी तो आपल्या परिसरात येतो असा हिशेब निघाला, आणि भीतीची तारीख ठरली २२ डिसेंबर २०३२.

आता पट्ट्याकडे येऊ. लघुग्रह सापडतो तेव्हा दुर्बिणीत जे दिसते ते अगदीच साधे असते. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घेतात. तारे सगळ्या छायाचित्रांत जागच्या जागी असतात आणि एक फिकट ठिपका मात्र प्रत्येक छायाचित्रात थोडा पुढे सरकलेला असतो. एवढ्यावरून, आणि पुढच्या काही रात्रींच्या तशाच ठिपक्यांवरून, चार वर्षांची कक्षा काढायची असते. आळंदीच्या वेशीवर एखाद्या वारकऱ्याची दहा पावले पाहून तो पंढरपुरात एकादशीला कोणत्या घटकेला पोचेल हे सांगण्यासारखेच हे काम आहे. दिशा बिनचूक सांगता येते, पण वेळेचा अंदाज मात्र सैल राहतो. वेगातली अगदी बारीक चूकसुद्धा आठ वर्षांत साठत जाते, त्यामुळे २०३२ साली तो लघुग्रह एका जागी नव्हे, तर कक्षेच्या रेघेवर लाखो किलोमीटर लांबीच्या दोऱ्यावर कुठेतरी असेल, एवढेच सुरुवातीला म्हणता आले. हा दोरा जेथे पृथ्वीवरून जात होता त्या जागा नकाशावर उमटवल्या, की तो लाल पट्टा तयार होतो. लघुग्रह पृथ्वीवर आदळलाच, तर तो या पट्ट्यावर कुठेतरी आदळेल, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यातला ‘आदळलाच तर’ मोबाइलवर फिरताना गळून गेला.

संभाव्यता आधी वाढली आणि मग एकदम कोसळली, याचा अनेकांना संशय आला. जानेवारीच्या अखेरीस ती एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्के, म्हणजे बत्तिसात एक, झाली, आणि आठवडाभरात नगण्य ठरली. ‘आधी घाबरवले, मग लपवले’ असे एका पत्रात म्हटले आहे. कुणी काही लपवले नाही. हे समजायला आपल्या किनाऱ्यावरची रापण उपयोगी पडते. रापणीचे जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोरांना लोकांच्या रांगा लागतात. दोर ओढले जातात तसे जाळ्याने वेढलेले पाणी कमी कमी होत जाते. समजा, त्या वेढ्यात एक लहानसा खडक आहे. सुरुवातीला वेढा खडकाच्या हजारपट मोठा असतो, तेव्हा वेढ्यातली कोणतीही एक जागा खडकाची असण्याची शक्यता हजारात एक. वेढा बत्तीसपट उरला तेव्हा तीच शक्यता बत्तिसात एक झाली. खडक जराही हललेला नाही; फक्त वेढा आवळला गेला. आणखी दोन हात ओढल्यावर जाळ्याची कडा खडकाच्या अलीकडे आली, तर खडक वेढ्याबाहेर गेला आणि शक्यता शून्यावर आली. (खऱ्या रापणीत खडक आला तर जाळे फाटेल आणि रांपणकार माझ्या उपमेला शिव्या घालतील, आपले जाळे कागदावरचे आहे.) येथे खडकाच्या जागी पृथ्वी, आणि वेढा म्हणजे आपले अज्ञान. बहुतेक लघुग्रहांच्या बाबतीत हाच क्रम दिसतो: आधी टक्केवारी चढते, मग पृथ्वी कडेबाहेर पडते. चढणाऱ्या आकड्यावरून धोका वाढत आहे असे वाटणे साहजिक आहे, पण प्रत्यक्षात निरीक्षणे वाढत होती.

नंतर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने मार्च २०२५ मध्ये केलेल्या निरीक्षणांतून त्याचा आकार सुमारे ६० मीटर निघाला. २०३२ मध्ये त्याच्यापासून पृथ्वीला धोका नाही. तेव्हा तो नकाशा पुन्हा आलाच, तर त्याच्या तारखेकडे पाहा.

प्रश्न : ‘संभाव्य धोकादायक लघुग्रह’ ही संज्ञा कोणत्या निकषावर ठरते? वर्गात मुले विचारतात की यांतला एखादा खरोखर धोकादायक असेल, तर ‘संभाव्य’ कशाला म्हणायचे? (एक विज्ञान शिक्षिका, फोंडा)

उत्तर : निकष दोन आहेत आणि दोन्ही पूर्णपणे भूमितीचे व मापाचे आहेत; त्यांत भविष्य कुठेच नाही. पहिला: लघुग्रहाची कक्षा आणि पृथ्वीची कक्षा या दोन वाटा जेथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, तेथील अंतर ०.०५ खगोलीय एककापेक्षा, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरांपेक्षा, जास्त नसावे. हे चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ वीसपट भरते. दुसरा: लघुग्रहाची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा लहान, तर तेज जास्त) २२ किंवा तिच्याहून तेजस्वी असावी, म्हणजे आकार ढोबळमानाने १४० मीटर किंवा अधिक. ‘ढोबळमानाने’ म्हणायचे कारण असे की दुर्बिणीला दगडाचा आकार दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. चुन्याने रंगवलेली छोटी भिंत आणि शेवाळलेल्या जांभ्याची मोठी भिंत दुरून सारखीच उजळ दिसू शकते. तसाच काळसर मोठा लघुग्रह आणि फिकट लहान लघुग्रह एकाच प्रतीचे दिसू शकतात.

पहिल्या निकषात मुलांचा गोंधळ होतो तो ‘वाट’ आणि ‘वाटसरू’ यांत. पणजी-बेतीची फेरीबोट मांडवी आडवी ओलांडते आणि खनिज घेऊन मुरगांव बंदराकडे निघालेल्या बार्ज नदीच्या लांबीने येतात. या दोन वाटा एकमेकींना छेदतातच; त्यात काही प्रश्न नाही. तरीही रोज टक्कर होत नाही, कारण छेदनबिंदूवर दोघांनी एकाच वेळी पोचायला हवे. बेतीच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले, तर फेरीचा चालक मधोमध वेग कमी करतो, बार्जचे नाक पुढे जाऊ देतो आणि मग तिच्या मागच्या लाटांवर हेलकावत पलीकडे जातो. बार्ज वीस मिनिटे उशिरा आली असती, तर त्याने वेग कमीही केला नसता. लघुग्रहाच्या बाबतीत ब्रेक लावणारा चालक नाही, पण वेळेचा हिशेब तोच आहे. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते आणि तिचा व्यास सुमारे १२,७४० किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढे अंतर ती साधारण सात मिनिटांत सरकते. दोघांच्या वाटा अगदी एका बिंदूत छेदल्या, तरी टक्कर होण्याची खिडकी एवढी अरुंद असते.

शिवाय आकाशातल्या वाटा कागदावर काढल्यासारख्या एका पातळीत नसतात. लघुग्रहाच्या कक्षेला पृथ्वीच्या कक्षेशी काही अंशांचा कल असतो. वरून पाहिले तर अटल सेतूवरची मोटार आणि खाली मांडवीतली होडी यांच्या वाटाही छेदतात, पण एक वरून जाते, एक खालून. वर्गात दोन रिंगा एकमेकींत तिरप्या अडकवून दाखवल्या, तर मुलांना हे लगेच कळते. फळ्यावर मात्र कधीच नीट कळत नाही.

मग ज्यांच्या वाटा आज छेदतही नाहीत, त्यांना धोकादायक का म्हणायचे? कारण वाटा बदलतात. गुरू, शुक्र आणि पृथ्वी यांच्या ओढीने या कक्षा शतकानुशतके हळूहळू सरकत असतात, आणि आज ५० लाख किलोमीटर दूर असलेली वाट पुढे अगदी जवळ येऊ शकते. ‘संभाव्य’ हा शब्द तेवढ्यासाठी आहे. अशा लघुग्रहांची संख्या आज सुमारे अडीच हजार आहे. याउलट, ज्याच्यामुळे २०२५ साली जगभर गोंधळ झाला तो ६० मीटरांचा ‘२०२४ वायआर४’ आकाराच्या निकषावर या यादीत बसतच नाही. ही संज्ञा मला व्यक्तिशः फार नेमकी वाटत नाही, पण आता रूढ झाली आहे.

प्रश्न : लघुग्रहांना अशी विचित्र नावे का देतात? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : ते नाव नव्हे, नोंद आहे, आणि ती वाचता येते. आधी वर्ष. त्यानंतरचे पहिले अक्षर पंधरवडा सांगते: ‘ए’ म्हणजे १ ते १५ जानेवारी, ‘बी’ म्हणजे उरलेला जानेवारी, याप्रमाणे पुढे, ‘आय’ हे अक्षर वगळतात. ‘वाय’ म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगते; येथेही ‘आय’ नसल्याने अक्षरे पंचवीस, आणि ती संपली की पुन्हा सुरुवात करून शेवटी किती फेऱ्या झाल्या तो आकडा लावतात. ‘आर’ सतरावे अक्षर. चार फेऱ्यांचे १०० आणि वर १७, म्हणजे ‘२०२४ वायआर४’ हा त्या पंधरवड्यात नोंदला गेलेला ११७ वा लघुग्रह. आता ‘२००४ एमएन४’ तू स्वतः सोडव. तो कोण, ते शेवटच्या उत्तरात कळेल.

प्रश्न : असा एखादा लघुग्रह अरबी समुद्रात पडला, तर २००४ सारखी सुनामी गोव्याला धडकेल का? (एक मच्छीमार, पेडणे)

उत्तर : ६० मीटरांच्या दगडी लघुग्रहाने तसे होणार नाही. २००४ साली समुद्राचा तळच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या पट्ट्यात उचलला गेला होता, आणि त्यावरचे सगळे पाणी एकदम हलले. या आकाराचा दगड बहुधा हवेतच फुटतो. सैबेरियात तुंगुस्का नदीजवळ ३० जून १९०८ रोजी असाच स्फोट हवेत झाला आणि सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले, पण जमिनीत विवर पडले नाही. दगड नसून लोखंड असेल, तर गोष्ट वेगळी होते: अमेरिकेतील ॲरिझोनात सुमारे ५० मीटरांच्या लोखंडी अशनीने १.२ किलोमीटर व्यासाचे विवर खणले आहे. आपल्या बुलढाण्यातले लोणार त्याहूनही मोठे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि तेही काळ्या बसाल्ट खडकात.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला यातून एक उपयोगाची गोष्ट सांगतो. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरांचा दगड वर हवेत फुटला. आधी डोळे दिपवणारा उजेड दिसला, म्हणून लोक खिडक्यांकडे धावले. धक्क्याची लाट मिनिटा-दोन मिनिटांनी आली आणि काचा फुटल्या. जखमी झालेल्या सुमारे १,५०० जणांपैकी बरेचसे काचेने जखमी झाले. आकाशात कधी असा उजेड दिसलाच, तर खिडकीपासून दूर जायचे.

प्रश्न : एखादा लघुग्रह खरोखरच आदळणार असे ठरले, तर आज माणूस काय करू शकतो? सिनेमात अणुबॉम्ब टाकतात, ते खरे का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : सिनेमात वेळ कमी असतो म्हणून बॉम्ब लागतो. प्रत्यक्षात सर्व काही किती आधी कळते यावर आहे, आणि दहा-वीस वर्षे आधी कळले तर अगदी हलका धक्का पुरतो.

हिशेब करून पाहू. एखाद्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला. मुंगीही याच गतीने चालते. दहा वर्षांत सुमारे साडेएकतीस कोटी सेकंद होतात. म्हणजे सरळ गुणाकारानेही तो ३,१५० किलोमीटर मागे किंवा पुढे पडतो. कक्षा बदलली की फेरीचा काळही बदलतो, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून जास्त पडतो. फेरीबोटीला वीस मिनिटे उशीर करायचा असेल, तर मधोमध तिला अडवण्यापेक्षा धक्क्यावरच थोडी रेंगाळू देणे सोपे.

हे कागदावरच राहिलेले नाही. नासाच्या ‘डार्ट’ या यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटरांच्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली. डायमॉर्फोस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्यामुळे परिणाम मोजायला घड्याळ तयारच होते: धडकेपूर्वी एक फेरी ११ तास ५५ मिनिटांत होत असे, धडकेनंतर ती ११ तास २३ मिनिटांवर आली. यान सुमारे ५८० किलोचे आणि वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. लघुग्रहाच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला तीन मिलिमीटरांहूनही कमी होता, तरी अर्ध्या तासाचा फरक दिसला. धडकेने उडालेल्या धुळीने आणि दगडांनी मागे ढकलत आणखी जोर दिला, आणि तो यानाच्या स्वतःच्या धक्क्याहूनही अधिक ठरला, ही त्या प्रयोगातली माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती. तेथे नेमके काय झाले ते जवळून पाहण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले.

यातली खरी अडचण आधी शोधण्याची आहे. एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी जवळजवळ सर्व सापडले आहेत, पण १४० मीटरांच्या आसपासच्यांपैकी निम्म्याहून कमीच आपल्या नोंदीत आहेत.

प्रश्न : १३ एप्रिल २०२९ रोजी ‘ॲपोफिस’ पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार असे वाचले. त्या दिवशी शुक्रवार आहे, तारीख तेरा आहे आणि रात्र अमावास्येची आहे, म्हणून आमच्या वाड्यावर आतापासूनच चर्चा सुरू झाली आहे. काही घडणार नाही ना? आणि गोव्यातून तो दिसेल का? (एक निवृत्त पोस्टमास्तर, काणकोण)

उत्तर : काही घडणार नाही. तारीख आणि वार मी तपासले, दोन्ही आपण लिहिता तसेच आहेत. आणि चंद्र नसणे हे तर आपल्या सोयीचेच आहे, कारण चांदण्यात फिकट ठिपका शोधणे कठीण जाते.

ॲपोफिसचा शोध १९ जून २००४ रोजी ॲरिझोनातील किट पीक वेधशाळेतून लागला, आणि तेव्हा त्याची नोंद ‘२००४ एमएन४’ अशी झाली. (मडगावच्या विद्यार्थ्याने ११३ असे उत्तर काढले असेल, तर ते बरोबर आहे.) दोन रात्रींनंतर तो हरवला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा सापडला. मग त्याच्या टक्केवारीनेही चढाव पकडला, आणि २७ डिसेंबर २००४ रोजी २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांवर पोचली. टोरिनो नावाच्या, धोका शून्य ते दहा अंकांत सांगणाऱ्या मापनावर त्याला ४ हा अंक मिळाला, जो त्याआधी किंवा नंतर कोणत्याही लघुग्रहाला मिळालेला नाही. आपल्याकडे ही बातमी कुणाच्या कानावरही पडली नाही, कारण आदल्याच दिवशी, २६ डिसेंबरला, सुनामी आली होती. त्यानंतर मार्च २००४ मधल्या जुन्या छायाचित्रांत तोच ठिपका सापडला आणि २०२९ ची शक्यता पुसली गेली. पहिल्या उत्तरातली रापण येथेही तशीच ओढली गेली. त्या २.७ टक्क्यांच्या दिवसानंतर बरोबर वीस वर्षांनी, २७ डिसेंबरलाच, ‘२०२४ वायआर४’ सापडावा हा निव्वळ योगायोग आहे, आणि तो पंचांगवाल्यांच्या नजरेतून कसा सुटला याचे मला नवल वाटते.

२०२९ ची शक्यता गेली तरी एक शंका बरीच वर्षे टिकून होती. पृथ्वीजवळून जाताना ॲपोफिस सुमारे ६०० मीटर रुंदीच्या एका विशिष्ट जागेतून गेला असता, तर पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा नेमकी अशी वळली असती की सात वर्षांनी, २०३६ साली, तो परत येऊन आदळला असता. शास्त्रज्ञ अशा जागेला किल्लीचे भोक म्हणतात. कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासात ६०० मीटरांचा प्रश्न सोडवायचा, तर सूर्याचे ऊनसुद्धा हिशेबात धरावे लागते. दुपारी तापलेला अंगणातला जांभा संध्याकाळी हात ठेवला तर गरम लागतो. तो उष्णता बाहेर टाकत असतो. अवकाशात फिरणारा दगडही तापलेली बाजू वळवून उष्णता बाहेर टाकतो, आणि त्या उष्णतेचा अगदी सूक्ष्म रेटा त्यालाच मागे लागतो. ॲपोफिसच्या कक्षेचा अर्धा लांब अक्ष, म्हणजे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, या रेट्याने वर्षाला सुमारे २०० मीटरने आक्रसतो. मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील रडारने त्याचे अंतर अचूक मोजल्यावर पुढची किमान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही हे ठरले, आणि तो नासाच्या धोक्याच्या यादीतून काढण्यात आला. ‘संभाव्य धोकादायक’ या यादीत मात्र तो अजून आहे, कारण वाट आणि आकार हे दोन्ही निकष तो पुरे करतो.

मग २०२९ साली काय होईल? सुमारे ३५० मीटरांचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आपल्या घरांवरच्या दूरदर्शनच्या ताटल्या ज्या उपग्रहांकडे तोंड करून असतात, ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. म्हणजे ॲपोफिस त्यांच्याही अलीकडून जाईल. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाणार हे आधी माहीत असण्याचा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून शास्त्रज्ञ त्या रात्रीची वाट पाहत आहेत. बेन्नू या लघुग्रहावरून नमुने आणणारे नासाचे यान ॲपोफिसपाशी पोचवण्याचे ठरले आहे. पृथ्वीच्या ओढीने त्याचे कोलांट्या खाणारे भ्रमण बदलेल का, त्याच्या पृष्ठभागावरचे दगड घसरतील का, हे पाहायचे आहे. कक्षा तर नक्कीच बदलेल. आज त्याला सूर्याभोवती एक फेरी घ्यायला सुमारे ३२४ दिवस लागतात, आणि त्याची सरासरी वाट पृथ्वीच्या वाटेपेक्षा आतली आहे. त्या रात्रीनंतर ती पृथ्वीच्या वाटेपेक्षा मोठी होईल आणि फेरीला वर्षाहून अधिक काळ लागेल. आपल्याला धक्का लागणार नाही, पण आपण त्याला दिलेला धक्का त्याची वाट कायमची बदलून टाकेल.

गोव्यातून पाहण्याविषयी: त्या दिवशी ॲपोफिस ऑस्ट्रेलियाच्या बाजूने येईल, हिंदी महासागर ओलांडून पश्चिमेकडे आफ्रिकेवर जाईल आणि अटलांटिकवर असताना पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल. तो क्षण आपल्या घड्याळात १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा आहे, आणि तेव्हा तो आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याएवढे त्याचे सर्वाधिक तेज आफ्रिकेला आणि युरोपला दिसेल. आपल्या वाट्याला त्याआधीचे तास येतात, जेव्हा तो फिकट असतो आणि हळूहळू उजळत जातो. साधी दुहेरी दुर्बीण जवळ ठेवावी. काणकोणच्या किनाऱ्यावर, शॅकच्या दिव्यांपासून दूर, अंधार झाल्यावर बसावे. एखाद्या ताऱ्याजवळचा फिकट ठिपका हेरून पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे. विमान असेल तर ते केव्हाच निघून गेलेले असते, तारा असेल तर तेथेच असतो. हा दोन्हींच्या मधल्या गतीने थोडा सरकलेला दिसेल.